धिंगरीची खोली: हवा सोडली की ओल जाते, ओल धरली की देठ लांबतात

माळरान | ३ मार्च, रात्री ९.४०

मंडळी, फलटणच्या पुढं आमचं गाव. जुन्या गोठ्याची डागडुजी करून धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) खोली केलीय. १२ बाय १५ फूट, उंची ९ फूट. भिंती विटांच्या, वर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोल. नायलॉनच्या दोरीला टांगलेले साधारण दीडशे बेड (काड भरलेल्या पिशव्या), जात फ्लोरिडा. गव्हाचं काड आणि सोयाबीनचं भुसकट निम्मं-निम्मं. काड गरम पाण्यातून काढतो, औषधात भिजवत नाही.

बेड पांढरे होईपर्यंत, म्हणजे बुरशी काडात पसरेपर्यंत, सगळं छान. घोळ पुढं आहे. खिडक्या बंद ठेवल्या तर देठ बोटभर लांब आणि टोपी रुपयाच्या नाण्याएवढी. हॉटेलवाला म्हणतो, ‘हे मला काय करायचंय, टोप्या आणा.’ म्हणून खिडक्या उघडल्या, तर संध्याकाळपर्यंत टोप्यांच्या कडा चिरतात आणि बारीक पिनहेड (टाचणीच्या टोकाएवढे कोंब) तपकिरी होऊन जागेवरच वाळतात. सकाळ-संध्याकाळ पाठीवरच्या पंपानं फवारतो. आर्द्रतेचा मीटर फवारल्या फवारल्या ८८ दाखवतो, अर्ध्या तासात ५० च्या घरात.

बाहेर दुपारी ३६ डिग्री आणि आर्द्रता वीस-बावीस टक्के. खोलीत दोन खिडक्या, दोन्ही पूर्वेला. एक ९ इंची एक्झॉस्ट, तोही पूर्वेच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर. हवाही हवी आणि ओलही हवी, हे जमवायचं कसं? एसी न घेता जमलं तर बरं.

---

धिंगरीवाली | ३ मार्च, रात्री १०.२५

दादा, पहिलं म्हणजे पिनहेडवर थेट फवारा मारणं बंद करा. पंपाच्या मोठ्या थेंबानं पिन बसतात, पिवळ्या पडतात. फवारा भिंतीवर, जमिनीवर आणि छताकडं तोंड करून, धुक्यासारखा खाली येईल असा.

आमच्या बचत गटाची खोली नाशिकला आहे. आम्ही जमिनीवर तीन इंच वाळू अंथरलीय आणि चारी भिंतींना गोणपाट टांगलंय. फवारलेलं पाणी फरशीवरून वाहून गेलं तर त्याचा उपयोग शून्य. वाळू आणि गोणपाट ते धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. मात्र गोणपाट दर आठ-दहा दिवसांनी काढून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचं. नाहीतर त्याच्यावरच हिरवी बुरशी धरते आणि मग बेडवर येते.

एक विचारते. दीडशेच्या दीडशे बेड पिकावर आहेत का? की अजून पांढरे होणारेही त्याच खोलीत आहेत?

---

माळरान | ३ मार्च, रात्री १०.४१

ताई, साधारण साठ बेड अजून पांढरे व्हायचेत. त्याच खोलीत, मागच्या रांगेत.

---

धिंगरीवाली | ३ मार्च, रात्री १०.५२

मग ते आधी हलवा. पसरत्या बुरशीचे बेड भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात, उष्णताही देतात. त्यांना स्वतःला त्याचं काही वाटत नाही, उलट कोंदट अंधार त्यांना आवडतो. पण शेजारी पिनवर आलेल्या बेडांना तीच हवा बाधते. घरातली एखादी अंधारी खोली, माळा, काहीही चालेल. २५ डिग्रीच्या आसपास असली म्हणजे झालं.

---

शंकेखोर | ४ मार्च, सकाळी ७.१०

हवा खराब झाली की नाही हे मेणबत्ती लावून कळतं ना? विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात तसं. आणि कार्बन डायऑक्साइड जड असतो, म्हणजे एक्झॉस्ट जमिनीलगत हवा. वर लावून काय उपयोग?

---

एक_टनी | ४ मार्च, सकाळी ९.०५

शंकेखोर, मेणबत्ती इथं काही सांगणार नाही. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० ते ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. धिंगरीला पिकाच्या वेळी हजाराच्या आत लागतो, दीड-दोन हजारावर देठ लांबायला लागतात. दोन हजार पीपीएम म्हणजे ०.२ टक्के. तेवढ्यानं मेणबत्तीची ज्योत हलतही नाही. ती विझेपर्यंत तुम्हीच चक्कर येऊन बसाल.

जड असतो हे खरं. पण हवेत इतका थोडा मिसळलेला वायू सुटा होऊन तळाशी बसत नाही. खोलीत हवा हलती असली की सगळीकडे जवळपास सारखाच. तळाच्या बेडांचे देठ जास्त लांब दिसतात ते बहुधा तिथली हवा हलत नाही म्हणून. एक्झॉस्ट खाली लावला तर बिघडत काही नाही, पण खरा प्रश्न आहे ताजी हवा कुठून शिरते आणि कुठून जाते.

माळरानभाऊ, तुमच्याकडे खिडकी आणि पंखा एकाच भिंतीवर, एकाखाली एक. पंखा लावल्यावर खिडकीतली हवा तशीच वर चढून बाहेर जात असणार. एक उदबत्ती घ्या, पंखा चालू करा आणि खोलीभर फिरा. खिडकीपाशी धूर सरळ पंख्याकडं पळेल आणि मागच्या कोपऱ्यात जागेवर घुटमळेल. धूर घुटमळतो ते बेड उपाशी. हे आधी करून बघा, मग आकड्यांचं बोलू. मी एसी आणि कोल्ड स्टोरेजच्या कामातला माणूस आहे, अळिंबी फक्त खातो.

---

माळरान | ४ मार्च, रात्री ८.३०

उदबत्ती फिरवली. जसं म्हणालात तस्संच. पंखा आणि खिडकीच्या मध्ये धुराची दोरी, पश्चिमेच्या कोपऱ्यात धूर लटकून राहिला. आई म्हणाली, आता आरतीपण करून घे.

साठ बेड घरातल्या मधल्या खोलीत नेले. आकड्यांचं सांगा.

---

एक_टनी | ४ मार्च, रात्री ११.१५

जरा लांबेल, पण एकदा कळलं की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

आर्द्रतेचे टक्के फसवे असतात, कारण गरम हवा जास्त पाणी धरते. २६ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २४ ग्रॅम वाफ मावते. ३६ डिग्रीला सुमारे ४२ ग्रॅम. तुमच्या दुपारच्या हवेत २२ टक्के, म्हणजे घनमीटरला फक्त ९ ग्रॅम पाणी. आणि खोलीत हवं २६ डिग्रीला ८५ टक्के, म्हणजे साधारण २१ ग्रॅम. आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेला १२ ग्रॅम पाणी पाजावं लागणार.

तुमची खोली १६२० घनफूट, म्हणजे ४६ घनमीटर. तासाला चार वेळा हवा बदलायची धरली तर १८४ घनमीटर. गुणिले १२ ग्रॅम, म्हणजे तासाला दोन लिटरच्या वर पाणी. ते नुसतं शिंपडून चालत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. तुम्ही दिवसातून दोनदा फवारता आणि त्यातलं बरंच मोरीकडं जातं. मीटर अर्ध्या तासात ५० वर येतो तो यामुळं. काही बिघडलेलं नाही, हिशोबच तसा आहे.

म्हणून खोली ओली करण्याच्या मागं लागू नका. आत येणारी हवा ओली करा. पॉलीहाऊसला आणि पोल्ट्रीला पॅड-फॅन असतो तीच गोष्ट, लहान मापात. एका भिंतीला ओला पॅड, म्हणजे पाण्यानं भिजत ठेवलेली जाळीदार गादी, समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट, बाकी सगळी भोकं बंद. पंखा हवा बाहेर ओढतो, तिच्या जागी येणारी हवा पॅडमधूनच यावी लागते.

फायदा दुहेरी आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. तुमच्या ३६ डिग्री, २२ टक्के हवेचं ओल्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे नुसत्या पाण्याच्या वाफेनं हवा जास्तीत जास्त जितकी गार होईल ते, वीस-साडेवीसच्या आसपास येतं. चांगला पॅड त्या फरकातला ८० टक्के भाग कापतो. म्हणजे ३६ ची हवा आत येताना २४ च्या आसपास. एसी लागत नाही तो इथं.

आता माप. एक्झॉस्टच्या खोक्यावर हवेचा आकडा बघा. समजा तासाला ६०० घनमीटर आहे. तो सतत चालवला तर हवा तासाला तेरा वेळा बदलेल, एवढी गरज नाही. सायक्लिक टायमर घ्या. तीन मिनिटं चालू, सात मिनिटं बंद. अर्धा तास सलग चालवून दीड तास बंद ठेवण्यापेक्षा हे बरं, खोलीचं तापमान आणि ओल झोके खात नाही. ६०० घनमीटर हवा पॅडमधून सेकंदाला एक मीटर वेगानं जायला पावणेदोन-दोन चौरस फूट पॅड लागतो. दीड बाय दीड फूट, चार इंच जाडीचा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचा) पॅड घ्या, झालं. लोक अख्खी भिंत पॅडची करतात, ती गरज मोठ्या शेडला.

पॅडनं सगळं काम होत नाही हेही सांगतो. आत आल्यावर हवा २६ ला गरम झाली की आर्द्रता ६५ च्या आसपास उतरते. वरचे वीस टक्के फॉगरनं, म्हणजे बारीक धुकं सोडणाऱ्या यंत्रानं, भरायचे. ते तासाला पाऊण-एक लिटर होतं. अल्ट्रासॉनिक चकतीवाला मिस्ट मेकर मिळतो, एका चकतीतून तासाला ३००-४०० मिली. दोन-तीन चकत्या पुरतील.

---

ऑरेंजसिटी | ५ मार्च, सकाळी ८.२०

एक_टनी भाऊ, गणित झकास. पण कायले येवढं करून राह्यले? आमच्या नागपुरात हे सगळं एका कूलरात होते. खिडकीच्या बाहेर कूलर, आत हवा, समोरच्या भिंतीवर एक्झॉस्ट. संपलं.

फक्त तीन गोष्टी. एक, कूलर खोलीच्या बाहेरच पाहिजे. आत ठेवला तर तीच हवा गरगर फिरते, ओल वाढते पण देठ लांबचे लांब. दोन, कूलरचा झोत बेडवर सरळ नको. ओली हवा असली तरी जोरात लागली की टोप्या सुकतात. आम्ही कूलरच्या तोंडाले पॉलिथिनची नळी बांधली, छताखालून शेवटपर्यंत नेली, दोन्ही बाजूले भोकं पाडली. हवा वरून हळूहळू उतरते. तीन, वाळ्याचा किंवा लाकडी भुश्याचा पॅड घेऊ नका, त्याच्यात बुरशी लवकर धरते. हनीकोंबच.

टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत जा. शिळ्या पाण्याचा वास येते आणि डासही होतात.

---

एक_टनी | ५ मार्च, सकाळी ९.००

ऑरेंजसिटी, तुमच्या कूलरचं गणितही हेच आहे हो, फक्त कंपनीनं आधी करून ठेवलंय. एवढ्या खोलीला मोठा कूलर नको. सगळ्यात लहान, तोही सर्वात कमी वेगावर, टायमरवर. आणि नळीची कल्पना उत्तम. युरोपातल्या अळिंबीच्या खोल्यांतही छताखाली अशाच भोकाच्या पॉलिथिन नळ्या असतात.

---

कातळकोपरा | ५ मार्च, दुपारी १.५०

आमचं रडगाणं नेमकं उलटं आहे, म्हणून इथंच लिहितो. कोकणातलं संगमेश्वर. जून ते सप्टेंबर बाहेरच ९५ टक्के. पाणी मारायची गरजच नाही. पण टोप्यांवर पिवळे-तपकिरी डाग, हात लावला तर बुळबुळीत, दुसऱ्या दिवशी वास. गेल्या पावसात एक अख्खं पीक टाकून दिलं. या पावसाआधी काहीतरी करायचंय. कूलरनं काय होणार, आमच्याकडे तर कूलर म्हणजे ओला पंखा.

---

धिंगरीवाली | ५ मार्च, दुपारी २.३०

भाऊ, तो जिवाणूंचा डाग आहे. टोपीवर पाण्याचा पातळ थर चार-सहा तास तसाच राहिला की येतो. अळिंबीला आर्द्रता हवी म्हणतात, पण तिच्या अंगावरचं पाणी मात्र उडून गेलं पाहिजे. बेडमधून वर पाणी खेचलं जातं तेही टोपीवरून थोडं बाष्पीभवन होतं म्हणूनच. हवा ९८-९९ टक्के झाली की ते थांबतं. तुमच्याकडे फवारा पूर्ण बंद आणि हवा सतत हलती ठेवायची. तोडणी झाल्यावर टोपल्यांत दाबून भरू नका, जाळीवर पसरा.

पत्र्यावरून पाणी टपकतं का तेही बघा. रात्री पत्रा गार झाला की आतल्या हवेचे थेंब धरतात आणि नेमके पिनवर पडतात. पत्र्याखाली पॉलिथिन उतरतं बांधा म्हणजे पाणी कडेला जाईल.

---

एक_टनी | ५ मार्च, संध्याकाळी ७.४५

कातळकोपरा, तुमच्या हवेत ग्रॅम भरपूर आहेत, त्यामुळं तुम्हाला पाणी काढायचं नाही, हवा दोन डिग्री गरम करायची आहे. बाहेर २५ डिग्री, ९५ टक्के असेल तर घनमीटरला साधारण २२ ग्रॅम. तीच हवा आत २७ डिग्री झाली की ८५ टक्के. एक थेंबही काढला नाही आणि टोप्या कोरड्या राहायला लागतात. चुलीचा धूर मात्र नको. बंदिस्त जागेत कोळसा पेटवू नका, माणसाच्या जिवावर बेततं. भिंतीलगत तेलाचा हीटर चालतो. लहान खोलीला ओल काढणारं यंत्र म्हणजे डिह्युमिडिफायर मिळतं, ते आपोआप थोडी उष्णताही देतं.

हवा मात्र बदलत राहायची. ओल आहे म्हणून सगळं बंद केलं की तुमच्याकडेही देठ लांबणार.

---

शंकेखोर | ५ मार्च, रात्री ९.३०

माळरान म्हणाले पहाटे खिडक्या उघडाव्यात का. पहाटे आर्द्रता ५० टक्के असते, म्हणजे हवा ओली. मग पॅड कशाला?

---

एक_टनी | ५ मार्च, रात्री १०.१०

ते म्हणाले नाहीत, तुम्हीच म्हणताय, पण प्रश्न चांगला आहे. पहाटे १९ डिग्रीला ५० टक्के म्हणजे घनमीटरला ८ ग्रॅम. दुपारी ९. हवा तितकीच कोरडी आहे, फक्त गार झाल्यामुळं टक्के वाढलेत. खोलीत येऊन २२ डिग्री झाली की ती ४२ टक्के. पहाटेचा फायदा एवढाच की गारवा फुकट मिळतो. पाणी तेवढंच पाजावं लागतं.

---

माळरान | ६ मार्च, सकाळी ६.५५

दोन प्रश्न. माझा मीटर साडेतीनशे रुपयांचा आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू का? आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर बाजारात हजारापासून दहा हजारांपर्यंत दिसतोय, कुठला?

शिवाय बोअरचं पाणी क्षारांचं आहे. शेजाऱ्याच्या मिस्ट मेकरनं टोप्यांवर पांढरी भुकटी बसली होती.

---

धिंगरीवाली | ६ मार्च, सकाळी ९.३०

आर्द्रतेच्या मीटरची परीक्षा मिठावर होते. बाटलीच्या झाकणात खडेमीठ घ्या, इतकंच पाणी घाला की मीठ ओलं चिखलासारखं होईल, विरघळून जायला नको. झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवा, डबा सावलीत. रात्रभर राहू द्या. सकाळी मीटरनं ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवला तर तुमचा मीटर सहा जास्त सांगतो, तेवढे वजा करा. मीटर फेकायची गरज नाही. पण ९० च्या वर स्वस्त मीटर बहकतात, तिथं त्यांचं ऐकू नका. मीटर धुक्यात टांगू नका, बेडच्या उंचीला खोलीच्या मध्यावर टांगा.

आमच्याकडे ओलं-कोरडं थर्मामीटर आहे. एकाच्या फुग्याला ओली वात. कोरडं २६ आणि ओलं २४ असलं की ८५ टक्के. त्याला सेल लागत नाही की काही नाही.

---

एक_टनी | ६ मार्च, रात्री ८.००

वायूच्या मीटरसाठी एकच बघायचं, आत एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणारा) सेन्सर आहे का. बरेच स्वस्त मीटर तो वायू मोजतच नाहीत. दुसरेच वास मोजून अंदाजे आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती: हाताला सॅनिटायझर चोळून हात मीटरजवळ धरा. आकडा एकदम हजारानं उडाला तर मीटर अंदाजपंचे आहे. खरा मीटर मोकळ्या अंगणात ४२०-४५० च्या आसपास स्थिरावतो.

विकत घ्यायलाच पाहिजे असंही नाही. तुमच्या टोप्या हाच मीटर आहे, दोन दिवस उशिरा बोलतो इतकंच.

क्षारांसाठी: चकतीच्या फॉगरला आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी. चकती क्षार वेगळे करत नाही, पाण्यासकट हवेत उडवते, तीच भुकटी. पॅडला मात्र बोअरचं चालेल, क्षार पॅडवरच राहतात. मात्र टाकी अधूनमधून पूर्ण रिकामी करायची, नाहीतर पाणी आटून दाट होत जातं. चकत्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवल्या की साफ होतात.

आणि एवढ्या ओलीत वायरिंग आहे, तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय काही चालू करू नका. स्विचबोर्ड खोलीच्या बाहेर.

---

माळरान | ७ मार्च, रात्री ९.१५

समजा उद्या एप्रिल-मेमध्ये ४१-४२ गेलं तर? गावातला एक जण जुना दीड टनी एसी स्वस्तात देतोय.

---

एक_टनी | ७ मार्च, रात्री १०.००

माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण घेऊ नका. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करतो. आणि गार करताना कॉइलवर हवेतलं पाणी काढून नळीनं बाहेर सोडतो. म्हणजे तुम्ही फॉगरनं भरायचं, त्यानं उपसायचं. शिवाय अळिंबीच्या बीजाणूंनी कॉइल महिन्यात गच्च होते. बटण अळिंबीच्या मोठ्या युनिटमध्ये असतात त्या हवा हाताळणाऱ्या वेगळ्या यंत्रणा, त्यात ताजी हवा, गारवा, ओल सगळं एकत्र. त्यांना १४ ते १८ डिग्री लागतं म्हणून तो खर्च. धिंगरीला तो परवडत नाही.

---

धिंगरीवाली | ७ मार्च, रात्री १०.४०

उन्हाळ्यात हवामानाशी भांडण्यापेक्षा जात बदला. दुधी अळिंबीला ३० ते ३५ डिग्री मानवतं. केसिंग करावं लागतं, म्हणजे बेडवर मातीचा थर द्यावा लागतो, धिंगरीसारखं नुसतं टांगून भागत नाही, पण मे महिन्यात तीच हसते. धिंगरीतली गुलाबी जातही उष्णता सोसते, फक्त टिकत नाही, त्याच दिवशी विकावी लागते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे, स्पॉन (अळिंबीचं बियाणं) आणि प्रशिक्षणाची चौकशी तिथं करा. मूळ संस्था हिमाचलातल्या सोलनची, आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) अळिंबी संशोधन संचालनालय.

---

गॅलरीतली_शेती | ८ मार्च, सकाळी ११.२०

डोंबिवली. मी फ्लॅटच्या जादा बाथरूममध्ये बारा बेड ठेवलेत, भिंतीतला एक्झॉस्ट चालू असतो. पीक मस्त येतं. पण तोडणी केली की रात्री खोकला, अंग कसकसल्यासारखं. दुसऱ्या दिवशी बरं. साबणाचा वास असेल का?

---

धिंगरीवाली | ८ मार्च, दुपारी १२.०५

ताई/दादा, याला हलकं घेऊ नका. धिंगरी प्रचंड बीजाणू सोडते. टोपी सपाट होऊन कडा वर वळायला लागली की खालच्या बेडवर पांढरी पावडर दिसते ना, तेच. बंद जागेत ते छातीत जातात. काही जणांना त्याची ॲलर्जी होते, तोडणीनंतर काही तासांनी ताप, खोकला, दम. अळिंबी कामगारांत हा आजार ओळखीचा आहे. पुन्हा पुन्हा होऊ दिला तर फुप्फुसाला कायमचा त्रास होऊ शकतो. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात अळिंबी लावतो हे आठवणीनं सांगा, ते सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

तोवर बेड घराबाहेर काढा. आमच्या गटात नियम आहे: कडा खाली वळलेल्या असतानाच तोडायचं, आत जाण्याआधी दहा मिनिटं पंखा, आणि एन-९५ मास्क. कापडी रुमालानं बीजाणू अडत नाहीत. तुमचा एक्झॉस्ट डक्टमध्ये उघडत असेल तर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये काय जातंय तेही बघा.

---

गॅलरीतली_शेती | ८ मार्च, दुपारी १२.३०

बापरे. बेड आत्ताच गच्चीवर नेले. उद्याची वेळ घेतली डॉक्टरांची.

---

ऑरेंजसिटी | ८ मार्च, दुपारी ३.००

भाव काय मिळून राह्यला तिकडं फलटणले? आमच्याकडं लग्नसराई सोडली तर ओली कोणी घेत नाही, सगळी वाळवून विकतो. दहा किलोची एक किलो होते.

---

माळरान | २६ मार्च, रात्री ८.५०

भावाचं वेगळ्या धाग्यात बोलू ऑरेंजसिटीभाऊ, आधी खोलीचं सांगतो.

एक्झॉस्ट पश्चिमेच्या भिंतीवर नेला. पूर्वेची एक खिडकी विटांनी बुजवली, दुसरीत पॅड. पॅडवर वरून अर्ध्या इंची पाइपला भोकं पाडून पाणी सोडलंय, खाली पन्हाळ, त्यातून पाणी बादलीत, बादलीतून फिश टँकचा पंप परत वर. पॅडच्या बाहेरून ४० मेशची जाळी, माश्यांसाठी. टायमर तीन-सात. तीन चकत्यांचा मिस्ट मेकर पॅडच्या आतल्या बाजूला, म्हणजे धुकं येणाऱ्या हवेबरोबरच पसरतं.

मीटर मिठाच्या डब्यात ७९ दाखवत होता. चार वजा करून आता खोली ८२ ते ८७. दुपारी तीनला आत २७. पश्चिमेकडचे आणि मधले बेड बघण्यासारखे झालेत, टोप्या तळहाताएवढ्या, देठ आखूड. हॉटेलवाल्यानं काही न बोलता वजन केलं.

दक्षिणेच्या कोपऱ्यातले आठ-दहा बेड मात्र अजून लांब देठाचे. उदबत्ती तिथं अजून घुटमळते. आणि दोनच आठवड्यांत पंख्याचा जोर कमी झाल्यासारखा वाटतोय.

---

एक_टनी | २६ मार्च, रात्री ९.३०

कोपऱ्यासाठी टेबलावरचा लहान पंखा, भिंतीकडं तोंड करून, सगळ्यात कमी वेगावर. बेडकडं तोंड नको. भिंतीवर आपटून हवा पसरली की पुरे.

पंख्याचा जोर दोन ठिकाणी जातो. ४० मेशची जाळी खिडकीच्या मापाचीच लावली असेल तर ती हवा अडवते, धुळीनं आणखी. जाळी पॅडच्या तिप्पट मापाच्या चौकटीवर, पेटीसारखी पुढं काढून लावा. साधा प्रॉपेलर पंखा अडथळा सोसत नाही, जाळी थोडी बुजली की हवा निम्म्यावर येते. दुसरं, पाती बघा. बीजाणूंचा पिठासारखा थर बसला असेल.

---

माळरान | २७ मार्च, सकाळी ७.३०

आहे. बोटभर जाड. पुसू कसा, लाइट गेल्यावर?

---

धिंगरीवाली | २७ मार्च, सकाळी ८.१५

लाइट गेल्यावर नको, मधेच आली तर बोटं जातील. प्लग काढून. कोरडा झाडू अजिबात मारू नका, सगळं नाकात जातं. मास्क लावून ब्लीचिंगच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं, दर आठवड्याला. पात्यांच्या मागची बाजूही, आणि झडपा असतील तर त्यांच्या फटी.

लाइट गेल्यावरचं म्हणाल तर पंखा आणि फॉगर दोन्ही एकदमच बंद पडतात. तास-दोन तास काही होत नाही, पॅड ओला असतो. त्याहून जास्त गेली तर दार अर्धं उघडून त्यावर ओलं गोणपाट टाका. आमच्याकडं दुपारी चार-चार तास जाते, पीक निघतं.